पिंपं घासून ठेवली होती

महाडला बरेच लोक जाऊन आलेत. कोणी रायगड चढायला, कोणी चवदार तळ्यावर, आणि बाकीचे गोव्याला जाताना गाडीच्या काचेतून. बिरवाडीला मात्र मुद्दाम कोणी जात नाही. तिथे बघायला कारखान्यांची धुरांडी आणि भाड्याच्या खोल्या. मी गेले, कारण माझी सून तिथे राहते आणि तिने बोलावलं. काय पाहिलं ते लिहिते. चौथीच्या भूगोलात कोकण म्हणजे नकाशावरची एक हिरवी पट्टी होती. त्या पट्टीत माणसंही राहतात, हे पुस्तकात नव्हतं.

घाट उतरताना

आमचं गाव वाईच्या बाजूचं. महाबळेश्वरला गाडी बदलली आणि पोलादपूरच्या एसटीत बसले. बरोबर ज्वारीचं पीठ, घेवडा, हळद आणि खर्ड्याची बरणी. आंबेनळी घाटाच्या पहिल्याच मोठ्या वळणावर पोत्याची दोरी तुटली आणि घेवडा गाडीभर पळाला. कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, आता हा घेवडा पोलादपुरात पेरतेस का?" मी म्हटलं, "पेरते, तू आधी पाय उचल, तुझ्या बुटाखाली पसाभर आहे." मागच्या दोन बायांनी निम्मा गोळा करून दिला. उरलेला एसटीत राहिला.

आमच्याकडचे डोंगर वरून सपाट, पाटासारखे. इकडे उतरताना तेच डोंगर खालून बघावे लागतात आणि मान दुखते. दरड कोसळलेल्या जागा अजून उघड्या पडल्या होत्या, सोललेल्या गुडघ्यासारख्या लाल. आश्विन लागला होता. खाली भाताची खाचरं पिवळी पडत चाललेली, एकेक खाचर आमच्या अंगणाएवढं. एवढ्याशा जागेत माणसं वर्षाचं पोट कसं भरतात, असं मनात आलं. मग आठवलं, भरत नाही म्हणून तर मुंबईला जातात.

पोलादपूरला उतरले तेव्हा पदर पाठीला चिकटला होता. कांदाभजी खाल्ली, चांगली होती. तिथून महाडच्या गाडीने बिरवाडीच्या फाट्यावर उतरले आणि रिक्षा केली.

बिरवाडी

सून अश्विनी पोलादपूर तालुक्यातलीच. शिकली रसायनशास्त्र, वर सुरक्षेचा एक कोर्स केला आणि कारखान्यात लागली. कुठली टाकी कशाची, कुठल्या दोन वस्तू शेजारी ठेवायच्या नाहीत, गळती झाली तर कोणी कुठल्या दिशेला पळायचं, हे बघणं तिचं काम. माझा मुलगा संतोष दुसऱ्या कारखान्यात, तीन पाळ्यांत. त्यांची मुलगी ओवी पाच वर्षांची. दोन खोल्या, वरचा मजला. खिडकी उघडली की वास येतो, आणि वारा फिरला की वासही बदलतो. अश्विनी वास घेऊन सांगते, हा अमक्याचा. आमच्याकडे कोणाच्या घरी काय शिजतंय ते असं सांगतात.

संध्याकाळी रस्त्यावर निम्मी माणसं हिंदी बोलत होती. बिहारची, ओडिशाची. भाजीवाली अस्सल महाडची, पण तीही म्हणाली, "ले लो ना आजी, ताजा हाय." मी म्हटलं, मराठीत बोल, भाव तोच राहणार आहे.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. तांदळाची भाकरी दिसायला कापसासारखी, खायला मऊ, आणि तासाभरात पुन्हा भूक. जेवण झाल्यावर अश्विनीने विषय काढला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तीही म्हणते.

"आत्या, कुठे भूकंप झाला, पूर आला की परदेशातून मदतीची पथकं जातात ना? डॉक्टर, तंबूवाले, जेवण करणारे. त्यांच्या आधी एक माणूस पुढे जातो. पडलेल्या गोदामात काय सांडलंय, टाकी फुटलीय का, हवा घेण्यासारखी आहे का, ते बघतो. तो 'या' म्हणाला की बाकीचे येतात. अशा माणसाची जागा निघालीय. मी अर्ज केला होता. परीक्षा, मुलाखत सगळं झालं. आता दोघंच उरलोत, मी आणि दुसऱ्या देशातला एक जण."

"आणि तो पुढे गेलेला माणूस मेला तर?"

"मग बाकीचे येत नाहीत."

उत्तर मला आवडलं. तिने गोड करून सांगितलं नाही.

पुढचं तिने तसंच सांगितलं. बोलावणं आलं की दोन दिवसांत निघायचं. देश कुठलाही. महिना, कधी दीड महिना. संतोषच्या पाळ्या. "म्हणजे ओवीपाशी तुम्ही लागाल. अधूनमधून नाही, इथे राहायलाच यावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्यांना नाही सांगीन. मागाहून बोलणार नाही."

माझी गावाकडे एक म्हैस आहे, अर्धा एकर घेवडा आहे, आणि माझ्या हातांनी सारवलेलं घर आहे. त्या घरात मला कोणाला विचारून उठावं लागत नाही. मी म्हटलं, "आधी तुझं काम बघते. मग सांगते."

"परवा बघा," ती म्हणाली. "ते पण बघायलाच येतायत."

वीर

निवड करणारे दोघे रेल्वेने वीर स्टेशनवर उतरणार होते. आम्ही रिक्षाने आणायला गेलो. स्टेशन छोटं, भोवती शेतं. गाडीतून एक बुटकी बाई उतरली आणि तिच्यामागे एक माणूस, दारातून वाकून. बाई नेपाळची, नाव दिलमाया, हिंदी बोलणारी. तिने वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. माणूस कुठल्या थंड देशाचा. त्याने नाव दोनदा सांगितलं, मला घेता आलं नाही. मी त्याला उंच साहेब म्हणत होते. रिक्षात त्याचे गुडघे हनुवटीला लागले. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "यांना घडी घालून ठेवलंय जसं!" अश्विनीने त्याला दटावलं, पण साहेबाने विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. साहेब एवढा हसला की त्याचं डोकं टपाला आपटलं.

वाटेत दिलमायाने मला समजावलं. ते काही विचारणार नाहीत, फक्त बघणार. कारखान्यात हुशार असणारे पुष्कळ असतात. कारखान्याबाहेर, जिथे कोणी तुमचं ऐकायला बांधलेलं नाही, तिथे हा माणूस कसं काम करतो, ते त्यांना बघायचं होतं.

अश्विनीने त्यासाठी सावित्रीच्या काठची एक वाडी निवडली होती. वाडीचं नाव लिहीत नाही. लोक तिला पिंपवाली वाडी म्हणतील आणि तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. महापुरात नदीतून निळी पिंपं वाहत येतात. कुठून सुटतात ते सांगता येत नाही. लोक बांबूच्या आकड्याने ओढून ती काठावर घेतात. पिंप चांगलं, झाकण घट्ट, उंदीर लागत नाही. कोणी त्यात भात भरतं, कोणी पाणी. आधी आत काय होतं हे पिंपावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद वाचायचा, पिंप न उघडता वेगळं काढायचं, आणि लोकांनी ते आपण होऊन द्यावं असं त्यांच्याशी बोलायचं, हे अश्विनीचं परीक्षेचं काम. तिने वाडीत फोन करून सांगितलं होतं: पाहुणे येतायत, पिंपं बाहेर काढून ठेवा, झाकणं उघडू नका.

वाडी

महाडला रिक्षा सोडून आम्ही जीप केली. ती वाडीवर पोचली तेव्हा आधी रांगोळी दिसली. मग पिंपं. खळ्यात ओळीने वीसेक पिंपं उभी, निळीशार, आणि प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. उन्हात अशी चमकत होती की साहेबाने डोळ्यांवर हात धरला.

बचत गटाची प्रमुख सुगंधाबाई पुढे आली. माझ्याच वयाची, माहेर नाते गावचं, आवाज लांबवर जाणारा. "बघा, कशी लखलखतायत! कालपासून घासतोय सगळ्याजणी. राख, माती, नारळाची शेंडी. एक डाग नाय."

"काकी, यांच्यावर कागद होते ना?" अश्विनीने विचारलं.

"ते खरवडून काढले. पावण्यांसमोर फाटके कागद बरे दिसतात व्हय गो?"

अश्विनीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तिची परीक्षा त्या कागदांवर होती आणि ते कागद नारळाच्या शेंडीने गेले होते. ती हळूच मला म्हणाली, "चूक माझी. झाकण उघडू नका म्हटलं, धुऊ नका म्हटलं नाही. पाहुण्यांना दाखवायची वस्तू कोणी घासल्याशिवाय बाहेर काढेल का? मी इथलीच, मला कळायला पाहिजे होतं."

ते खरं होतं. आमच्या गावात शाळा तपासायला साहेब येणार म्हणून मास्तरांनी फळा धुतला होता आणि त्यावरचा धडाही गेला होता.

तिने मोठ्याने विचारलं, "घासली कुठे?" पण सुगंधाबाईने तोवर साहेबाचं कोपर धरलं होतं. "आधी जेवा, मग इचारा काय ते. चार कोंबड्या कापल्यात." साहेब ओढला गेला. आम्ही मागून गेलो.

पडवीत पानं मांडली होती. कोंबडीचा रस्सा, डाळ, भात, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. मी, साहेब, दिलमाया बसलो. अश्विनी हात धुवायला मागे राहिली होती. सुगंधाबाई स्वतः वाढायला आली आणि डाव्या हाताने डाळ वाढायला लागली. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे डाव्या हाताने पाहुण्याला वाढत नाहीत. तुमच्याकडे वाढतात का?"

सुगंधाबाई लाल झाली. "आमच्यात पण नाय वाढत. हात भाजलाय जरा."

"कशाने?" अश्विनी दारातून म्हणाली.

"चुलीनं."

अश्विनी आली, पदर बाजूला केला. बोटांची साल निघाली होती, तळहात लालभडक, वर कोकमतेल थापलेलं. चुलीचा चटका एका जागी बसतो. हा हातमोज्यासारखा मनगटापर्यंत होता.

साहेबाने घास उचललेला होता. अश्विनी आधी इंग्रजीत ओरडली, मग मराठीत. "थांबा! कोणी खाऊ नका. पाणी पिऊ नका. काकी, पिंपं कुठे घासली?"

"झऱ्याच्या वर, कातळावर. खाली न्यायची कशी, दोघींना उचलत नाय एकेक."

"आणि हा स्वयंपाक कुठल्या पाण्यात?"

"झऱ्याच्या. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाय नीट. पावणे म्हणून मुद्दाम झऱ्याचं आणलं."

पुढचं सगळं भराभर झालं. आधी तिने पोरंबाळं, म्हातारी माणसं पिंपांपासून लांब, वारा जिकडून येत होता त्या अंगाला नेऊन बसवली. ज्या बायांनी पिंपं घासली त्यांना नळाच्या टाकीवर उभं केलं आणि वाहत्या पाण्याखाली हात धरायला लावले. दोघी लवकर बाजूला व्हायला लागल्या तर म्हणाली, "मी सांगेपर्यंत नाही." स्वतः तोंडाला मुखवटा, हातात मोजे घालून कातळाकडे निघाली. साहेब मागे जायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं. "तुम्ही पाहुणे. इथेच राहा." तो थांबला. निवड करणारा माणूस निवड व्हायच्या माणसाचं ऐकून उभा राहिला, हे मी लक्षात ठेवलं.

कातळाखालचं गवत जळून तपकिरी पडलं होतं, ते लांबूनही दिसत होतं. तिने झऱ्यात कागदाची पट्टी बुडवली, ती लाल झाली; घासताना कुठल्यातरी पिंपातून आम्ल गळलं होतं. मग करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून तिने झरा बंद केला. आमच्याकडेही विहीर बंद केली की बाभळीच्या शिऱ्या टाकतात. काटा बघितला की कोणी विचारत नाही, परत फिरतो.

परत आली आणि म्हणाली, "टोप बाहेर काढा. खड्डा खणा. सगळं त्यात."

"सगळं?" सुगंधाबाई नळाखालून ओरडली. "पहाटेपास्नं रांधलंय. आमचं जेवण कुत्र्याला टाकतेस?"

"कुत्र्याला पण नको. मरेल."

असं बोलायला नको होतं, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. पण त्या वाक्याने वाडी तुटली. एक म्हातारा म्हणाला, "आपल्या तालुक्याची पोर, आन् आपल्याच पानावर माती टाकते. हिला परत पाय ठेवू देऊ नका हितं." बायांनी आमच्याकडे न बघता टोप उचलले. रस्सा खड्ड्यात गेला. भाकऱ्याही गेल्या. पिंपांभोवती लांबून दोरी बांधून अश्विनीने कारखान्याच्या माणसांना फोन केला आणि सुगंधाबाईला जीपमध्ये घातलं. महाडच्या दवाखान्यापर्यंत ती तोंड फिरवून बसली होती. दुसऱ्या बायांचे हात थोडक्यात निभावले.

पुन्हा बिरवाडी

संध्याकाळी चौघं खोलीत बसलो. ओवी साहेबाच्या बुटात पाय घालून फिरत होती. दिलमायाने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. काम बरोबर केलंस. आमच्यापैकी कोणीही याहून चांगलं केलं नसतं. पण परक्या देशात, जिथे लोकांचं सगळं वाहून गेलंय, तिथे तू त्यांचं शेवटचं अन्नही टाकायला लावशील. ते तू एकदा करशील. दुसऱ्या वेळी त्यांनी तुला आत घेतलं नाही, तर तिसऱ्या पिंपाचं काय? आम्ही परवा दुपारच्या गाडीने जाणार. तोवर वाडी तुला बोलावते का बघू. तू जायचं नाहीस. त्यांनी बोलवायचं.

अश्विनी म्हणाली, "नाही बोलावलं तर?"

"तो दूसरा कैंडिडेट," दिलमाया म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "और माँजी, आप? बहू जाएगी तो आप यहाँ रहेंगी?"

"अभी नहीं बताया," मी म्हटलं.

सुनेला जायला बंदी होती. मला कोणी काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, खर्डा घेतला आणि रिक्षाने महाडच्या दवाखान्यात गेले. सुगंधाबाई खाटेवर बसली होती. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातात मोबाइल. मला बघून मोबाइल उलटा ठेवला.

"सुनेनं पाठवलं?"

"तिला माहीतही नाही."

"लय शानी हाय तुझी सून."

"आहे. तिने तुझं जेवण टाकलं. हे माझं आहे. खा, नाहीतर तूही टाक, फिटंफाट होईल."

तिने डबा उघडून भाकरी बोटाने टोकली. "ही भाकरी हाय का पत्रा?"

"दात असले तर भाकरी."

ती हसली नाही, पण एका हाताने भाकरी मोडता येईना तेव्हा मी मोडून दिली. खर्डा खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुमच्यात भाजीच्या जागी नुसती मिरचीच खातात व्हय? म्हणून बोलता पण तशा."

"तुम्ही गोड बोलून भाजका हात पदरात लपवता."

बराच वेळ ती खात राहिली. मग म्हणाली, "डाक्टर म्हनला, लवकर धुतला म्हणून बोटं राहिली." आणखी थोड्या वेळाने, "माझी नात त्याच झऱ्याचं पाणी बाटलीत भरून शाळेत नेते. काल रविवार होता म्हणून वाचली." डबा तिने पुसून दिला, डाव्याच हाताने.

मी उठले तेव्हा म्हणाली, "हे आज सोडणार हायत मला. उद्या सकाळी या जेवायला. त्या लांबड्याला पण आणा, उपाशी गेला बिचारा. आन् तिला सांग, मी बोलावलंय."

"तूच सांग. तुझ्या डाव्या हातात मोबाइल आहे."

तिने सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकलं. पलीकडून अश्विनी काही बोलत होती, आणि सुगंधाबाई म्हणत होती, "ते नंतर, आधी ये."

पुन्हा वाडी

जीपमध्ये मी अश्विनीला बजावलं. "आज पाण्याचं काढू नकोस. त्यांनी बोलावलंय, ते पुष्कळ झालं. समोर येईल ते खा. साहेब बघतोय." ती खिडकीतून नदी बघत होती. सावित्री त्या दिवशी अशी गुपचूप वाहत होती की तिने कधी पिंप पाहिलंच नाही असं वाटावं.

वाडीत रांगोळी नव्हती. करवंदीच्या फांद्या झऱ्यावर तशाच होत्या, सुकायला लागलेल्या. पिंपं कारखान्याच्या माणसांनी नेली होती. ज्यांच्या घरातली गेली त्यांना भात ठेवायला पोती लागली होती आणि ते खूश नव्हते. तो परवाचा म्हातारा खांबाला टेकून बसला होता. त्याने राम राम केला नाही. अश्विनीने केला. त्याने मान वळवली.

पडवीत पानं मांडली. वाडीतल्या बाया दारात, माजघरात, खिडकीत. या वेळी कोंबडी नव्हती, होत्या त्या कापून झाल्या होत्या. डाळ, भात, सुकट, भाकरी. सुगंधाबाई डाव्या हाताने वाढत आली. माझ्या पानाशी थांबली. मी म्हटलं, "वाढ." तिने वाढलं.

सगळ्यांपुढे तांबे ठेवले. साहेब परवापासून शिकला होता, तो अश्विनीकडे बघत होता. दिलमायाही. अश्विनीने तांब्या उचलला. तिच्या एका घोटावर ती नोकरी होती, हे त्या पडवीत आम्हा चौघांना ठाऊक होतं. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावला, म्हणजे गप्प पी.

तिने तांब्या खाली ठेवला. "काकी, पाणी कुठलं?"

खांबाजवळचा म्हातारा म्हणाला, "झालं! परत सुरू."

सुगंधाबाई बायांकडे वळली. "बघितलंत? मी सकाळीच बोललेली, ही इचारणार." मग अश्विनीला म्हणाली, "इचारलं नसतंस ना गो, तर मीच तुला पानावरनं उठवली असती. परवा एवढा तमाशा केलास आन् आज माझी भीड धरून प्यायली असतीस, तर परवाचं सगळं खोटं झालं असतं. टाकीचं हाय. नळाचं, वर उकळलेलं. डाळ शिजलेली नाय धड, ती तशीच खा."

अश्विनी तांब्याभर प्यायली. मग आम्ही जेवलो. डाळ खरंच कच्ची होती. साहेबाने तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवणानंतर एक बाई मागच्या दाराने आली आणि अश्विनीच्या कानाशी म्हणाली, "माझ्याकडं एक हाय अजून. पोटमाळ्यावर. परवा बाहेर काढलं नव्हतं. कागद हाय त्याच्यावर." तिच्यामागे आणखी एक उभी होती. तिच्यामागे तो म्हातारा, काठी टेकत. त्याच्या गोठ्यात दोन होती.

अश्विनीने मोजे चढवले आणि त्यांच्याबरोबर गेली. या वेळी साहेबाने विचारलं, येऊ का. ती म्हणाली, दाराबाहेर उभे राहा. तो राहिला.

दिलमाया माझ्याजवळ बसली. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही. मीच सांगितलं, मराठीत, आणि तिला कळलं. "मी गुडघा लावूनही ही गप्प बसली नाही. इथे मी होते, नोकरी होती, जेवण होतं. तिकडे कोणीच नसेल. तिकडेही विचारेल. जाऊ दे तिला. पोरीला मी बघते."

घरी

परतीच्या एसटीत घेवडा सांडला नाही, कारण आणायला उरलाच नव्हता. पोलादपूरहून सुकट आणि कोकम घेतलं. सुकटीच्या वासावरून महाबळेश्वरपर्यंत कोणी माझ्या शेजारी बसलं नाही, प्रवास ऐसपैस झाला.

निकाल मी घरी आल्यावर कळला. अश्विनीचा फोन आला, फक्त म्हणाली, "आत्या, घेतलं." मी म्हटलं, "मग म्हशीला गिऱ्हाईक बघते." म्हैस शेजारच्या कमळीने घेतली, घेवडाही तीच करील. घराची किल्ली मी बरोबर नेणार आहे, ती कोणाला देणार नाही.

एवढं लिहीपर्यंत सामान बांधून झालं. एक सांगायचं राहिलं. ज्या दिवशी मी कोकणातून आले, त्या दिवशी कमळीने रीतीप्रमाणे ओट्यावर गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. उन्हातून आलेले, घसा कोरडा पडलेला. तांब्या तोंडाशी नेला आणि हात थांबला.

"पाणी कुठलं गं, कमळे?"

"कुठलं म्हणजे?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "चाळीस वर्षं पितेस ते. चार दिवस कोकणात काय गेलीस, आता माझं पाणी विचारतेस?"

"विचारते," मी म्हटलं. "सांग."

"आडाचं," ती फणकारली.

मग मी प्यायले.